हाकेला ओ

सूरच्या इस्पितळात, खाडीच्या अंगाला,
दुसरा मजला, पलंग चौदा.
खल्फान बिन जुमआ. वय कागदावर अठ्ठ्याहत्तर,
त्याच्या स्वतःच्या हिशेबाने त्याहून दोन वादळं जास्त.

सकाळी आठला डॉक्टर मुअतसिम म्हणाले, घरी सोडा.
सोडेपर्यंत चार वाजले.
मधल्या वेळात आम्ही सगळे येऊन गेलो.
डॉक्टर दारातूनच बोलले, त्यांच्या सुदानी अरबीत.
रोवेनाने औषधांची पिशवी दिली, इंग्रजीत, हसून.
मी हातातली सुई काढली, कापूस दाबला,
मोडक्यातोडक्या शब्दांत म्हटलं, मीठ कमी.
शाजीने सही घेतली.

प्रत्येकाने नीट सांगितलं.
प्रत्येकाने आपापलं सांगितलं.
म्हातारा सगळ्यांना मान डोलावत होता,
नांगरलेली होडी डोलते तशी,
कुणाच्याही लाटेला.

सहाव्या रात्री परत आला.
न्हाणीघरात पडला होता,
भुवईवर खोक, जीभ लाकडासारखी कोरडी.
सुनेने पिशवीतून खजुरांचा पत्र्याचा डबा काढला.
आत जुन्या गोळ्या. शेजारी आमच्या नव्या.
नावं दोन, खोक्यांचे रंग दोन,
औषध एकच, अंगातलं पाणी काढणारं.
सहा दिवस तो दोन्ही घेत होता, न चुकता.
शिस्तीचा माणूस.

‘जुनी बंद’ असं डॉक्टरांनी लिहिलं होतं.
तो कागद माझ्या फायलीत होता.
रोवेनाला वाटलं डॉक्टर बोलले असतील,
डॉक्टरांना वाटलं रोवेना बोलेल,
आणि मला, खरं सांगायचं तर,
मला काहीच वाटलं नाही.
माझी ड्यूटी संपत आली होती.

रात्री सलाईन बदलताना त्याने विचारलं, कुठली तू?
बंदरांवर शिकलेली हिंदी, तिला अजून खारा वास.
म्हटलं, रत्नागिरीकडची.
हसला. तुमच्या किनाऱ्याचं सागवान आणलंय मी, म्हणाला.
मग बराच वेळ गप्प. मला वाटलं, झोपला.

“गलबतावर नाखुदा ओरडतो, शीड सोड.
ज्याच्या हातात दोर, तो तेच परत ओरडतो,
शीड सोड! आणि मग सोडतो.
वाऱ्यात अर्धी हाक वाहून जाते, पोरी.
कुठली अर्धी पोचली, नाखुदाला कळायला नको?
तुम्ही लोक हाक मारता,
आणि ओ यायच्या आत निघून जाता.”

बुधवारी दहाला झुवैनाने, आमच्या इनचार्जने,
सगळ्यांना पलंगाशी उभं केलं. एकाच वेळी.
डॉक्टर म्हणाले, पाच मिनिटं. एकवीस लागली.
रोवेनाने ताटलीत गोळ्या मांडल्या, डॉक्टरांनी बोट ठेवलं,
झुवैनाने सूरच्या बोलीत सांगितलं,
आणि मग आम्ही गप्प बसलो. हेच सगळ्यात अवघड गेलं.

म्हातारा बोलू लागला.
सकाळी पांढरी, एक. जुनी, समुद्रात.
रोज वजन. दोन किलो वाढलं तर
वाट बघायची.
“नाही, चाचा. फोन करायचा.”
“फोन करायचा!” तो इतक्या जोरात ओरडला
की तेरा नंबर दचकून उठून बसला.

सुनेने डबा ताटलीत उपडा केला.
रिकामा डबा मात्र आठवणीने परत घेतला.

त्याच रात्री देवरुखहून भावाचा फोन.
अण्णांना घरी आणलं, ताई. काळजी करू नको,
डॉक्टरांनी सगळं नीट समजावलंय.

म्हटलं, काय समजावलं? म्हणून दाखव.

तिकडे शांतता.
मग प्लॅस्टिकच्या पिशवीची सळसळ,
आणि अण्णांचा आवाज, लांबून,
काय शोधतोयस रे?